शिफारस क्रमांक चार आणि आईचा खराटा

५ जानेवारी, बुधवार

नोकरीत रोज एक वही लिहावी लागते आणि तिच्यात खरं काहीच लिहिता येत नाही. वेळ, हवेचा वेग, वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, सही. 'आज साहेबांना गच्चीवरून खाली ढकलावंसं वाटलं' असा रकाना तिथे नाही. म्हणून ही दुसरी वही.

नोकरी अशी. नगरपालिकेच्या दवाखान्याच्या गच्चीवर हवा मोजायचं मशीन आहे. पत्र्याचं कपाट, वर उतरत्या छपराची टोपी. मी त्याला टोपीवाला म्हणतो. तो दिवसभर पिठाच्या गिरणीसारखा घोंघावत टोपीखालून हवा ओढतो आणि हवेतली धूळ आत बसवलेल्या, वहीच्या पानाएवढ्या पांढऱ्या कागदावर साठते. सकाळी ठीक आठला मी कालचा कागद चिमट्याने काढायचा, पाकिटात घालायचा, नवा बसवायचा. जुना जातो प्रयोगशाळेत. तिथे त्याचं वजन करतात, कोरा असताना किती भरला होता ते वजा करतात, आणि त्यातून निघतो दिवसाचा आकडा. शंभरपर्यंत चालतं. शंभराच्या वर म्हणजे हवा नापास.

आमच्या गल्लीची हवा रोज नापास. १२८, १३४, १२१. एका टोकाला ट्रक अड्डा, दुसऱ्या टोकाला खडीचा उघडा डेपो. पास कुठून होणार!

बाबांचं पंक्चरचं दुकान अड्ड्याच्या तोंडाशी. काल जेवताना म्हणाले, "दोन वर्षं इंजिनीअरिंग केलं आणि आता कागद बदलतो. कागदच बदलायचे होते तर परीक्षेत बदलायचे."

आई हसली. मी ताटावरून उठलो. या आठवड्यातली तिसरी वेळ. कॉलेजातूनही मी असाच उठलो होतो. वर्कशॉपच्या मास्तरांनी सगळ्यांसमोर माझं मोजमाप चूक ठरवलं, मी म्हणालो तुमची पट्टी चूक आहे. अजूनही म्हणतो.

१० जानेवारी, सोमवार

प्रयोगशाळेत नवीन मुलगी आली आहे.

काचेच्या पेटीत तराजू असतो. माणसाच्या केसाचंसुद्धा वजन सांगतो. मी पाकीट घेऊन आत गेलो तर वर न बघता म्हणाली, "दार लावा. आणि श्वास जरा तिकडे सोडा."

मी तिकडे सोडला. मग तिने कागद उजेडात धरला.

"हा कोपरा कुणी दुमडला?"

"मी नाही."

"तुमच्याशिवाय हात कोण लावतं?"

"वारा असेल."

"मग वहीत वाऱ्याची सही घेत जा."

बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं की मी अजून श्वास घेतलेला नाही. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. असली तर असली. आता तिला काय म्हणावं? तराजू.

१४ जानेवारी, शुक्रवार

तराजू गच्चीवर आली होती! मशीनची तपासणी. तीन मजले चढून धापा टाकत उभी राहिली. कबुतरांची पिसं, वाळका पाला, दवाखान्याच्या मोडक्या खाटा, आणि सगळ्यावर बोटभर धूळ. ती म्हणाली, "इथे पाय ठेवायला जागा नाही. आणि मला आता आठवड्यातून दोनदा यायचंय."

दुसरं वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. जेवतानाही. आज ताटावरून उठलो नाही म्हणून आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

१७ जानेवारी, सोमवार

सकाळी आईचा खराटा उचलला. आईने नेहमीप्रमाणे अंगण ओलं करून ठेवलेलं, घसरून पडता पडता वाचलो. शिव्या घालत तसाच निघालो.

आठला कागद बदलला, टोपीवाला चालू केला. नियम म्हणजे नियम, आठ म्हणजे आठ. तराजू कधी आली तर साडेआठच्या पुढे येते. म्हणजे मधला अर्धा तास माझा. शर्ट काढून खराटा हाती घेतला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गच्ची अशी झाडली की खालून कंपाउंडर ओरडला, "काय रे, वर वादळ आलंय का?" टोपीवाल्याच्या भोवती तर मुद्दाम दोनदा झाडलं, कारण ती तिथेच उभी राहते.

साडेआठला ती आली. दारातच थांबली. "अरे वा," म्हणाली.

रोज झाडणार. ती कुठल्या दिवशी येईल काय सांगावं?

२१ जानेवारी, शुक्रवार

१८७. २०३. १९५.

हे काय चाललंय? दहा दिवसांपूर्वी १२८ होते. खडीवाल्याने ढीग वाढवला असणार, ट्रक वाढले असणार, आणि नगरपालिकेत सगळे झोपलेत. माझे साहेब आरोग्य विभागाचे. प्रत्येक कागदावर किमान दोन शिक्के मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून सगळे त्यांना शिक्कासाहेब म्हणतात. त्यांच्या टेबलावर आकडे आपटले. ते म्हणाले, "हळू. काच फुटेल."

घरी बाबांना म्हटलं, "अड्ड्यावर ट्रक किती वाढलेत बघा!"

"वाढलेत? या आठवड्यात मी तीन पंक्चरं काढली. अड्डा ओस पडलाय."

"रविवारचा आकडा बघा, १२४. रविवारी ट्रक नसतात म्हणून कमी."

"रविवारीच तर असतात, शहाण्या. रविवारी सगळे येऊन उभे राहतात."

बाबांना स्वतःच्या धंद्यापुढे काही दिसत नाही. रविवारी मी कागद बदलून लगेच घरी येतो, तेव्हा अड्ड्याकडे बघत नाही हे खरं. पण आकडा काय खोटं बोलेल?

२५ जानेवारी, मंगळवार

आता ती रोज येते. रोज!

आज मला पहिल्यांदा 'अरे' म्हणाली. "अरे, तू सकाळी येतोस किती वाजता?"

"पावणेआठला."

"आल्यावर आधी काय करतोस?"

"कागद बदलतो."

"मग?"

"मशीन चालू करतो."

"आणि मग?"

माझ्या सकाळची इतकी चौकशी आईनेही कधी केली नाही. 'मग तुमची वाट बघतो' हे ओठांवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, "जरा झाडझूड." ती वाकली, फरशी निरखली. मग टोपीवाल्याच्या टोपीवरून बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे बघत राहिली.

जाताना कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी मोडून तिने अलगद कोटाच्या खिशात ठेवली. काडी! मी वापरतो त्या खराट्याची!

त्याच खिशातून एक इवलासा मोजा खाली पडला होता. उचलून दिला. भाचीचा असणार.

२७ जानेवारी, गुरुवार

नगरपालिकेच्या फळ्यावर कागद लागला. हवा शंभराच्या आत आणण्यासाठी समितीने केलेल्या शिफारशींचा मसुदा. एकूण नऊ. हरकती आणि सूचना पंधरा फेब्रुवारीपर्यंत, सोळाला जाहीर सुनावणी. मी उभ्याउभ्या सगळा वाचला.

दोन नंबर: ट्रक अड्डा गावाबाहेर. तीन: खडी झाकायची. चार: 'रस्ते कोरडे झाडण्याऐवजी पाणी मारून झाडावेत' अशी होती, तिच्यावर आडवी रेघ आणि खाली, 'कोरड्या झाडलोटीने हवेतील धूळ वाढते याचा पुरावा उपलब्ध नसल्याने सदर शिफारस वगळण्यात येत आहे.' वगळा बापडे, झाडण्याचं मला काय.

पण सात! 'मापन यंत्र दवाखान्याच्या गच्चीवरून जलशुद्धीकरण केंद्राच्या बागेत हलवावे. तेथे चाचणीत ६८ इतके प्रमाण आढळले असून शहर मर्यादेत येते. तसे झाल्यास शिफारस क्रमांक दोन, तीन, पाच व सहा यांची आवश्यकता राहणार नाही.'

म्हणजे ताप उतरत नाही तर थर्मामीटर शेजारच्याच्या काखेत लावायचं!

घरी सांगितलं. आई खिडकीची दांडी पुसत होती. दिवसातून चारदा पुसते. तिने फडकं माझ्यासमोर धरलं. काळंकुट्ट.

"मशीन गेलं की ही धूळ पण जाईल का रे?"

"नाही ना! फक्त मोजणारं कोणी उरणार नाही."

"मग तू का गप्प बसलायस?"

मी गप्प बसलेलो नाही. मी हरकत लिहितोय. सात नंबर रद्द झालाच पाहिजे, टोपीवाला गच्चीवरून हलता कामा नये. माझ्याकडे २०३ आहे, २११ आहे. हे आकडे मी त्यांच्या तोंडावर फेकणार आहे.

३१ जानेवारी, सोमवार

बाबांशी कडाक्याचं भांडण.

"अड्डा गेला तर मी काय तुझ्या त्या टोपीवाल्याचं पंक्चर काढू?"

"आणि तुम्ही खोकता ते?"

"चहा घशात अडकतो."

"वर्षभर रोज?"

"मी चहाच रोज पितो!"

पुढे दोघंही ओरडलो. आई म्हणाली, "माझा खराटा कुठाय ते आधी सांगा, मग भांडा." आम्ही दोघंही गप्प. मी गप्प राहिलो कारण उत्तर मला माहीत होतं.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

भाची नाही.

ती आज तिला कडेवर घेऊन आली, कारण शाळेला सुट्टी होती. चारेक वर्षांची. टोपीवाल्याला कान लावून पोरगी म्हणाली, "आई, हा आत रडतोय का?" आणि खाली फाटकाशी मोटारसायकलवर एक माणूस दोघींची वाट बघत होता. हसरा आहे. मला हात केला. मीही केला.

सकाळी साडेसातला उठून मी गच्ची आरशासारखी करतो. कुणासाठी? जाऊ दे. यापुढे मी काडीलाही हात लावणार नाही. पडू दे कचरा. गच्ची उकिरडा होऊ दे.

९ फेब्रुवारी, बुधवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, नाहीतर उद्या मीच बदलेन.

आठला कागद बदलला आणि कठड्यावर बसून राहिलो, गेले चार दिवस बसतो तसा. तराजू आली. एकटीच, हातात माझी सगळी पाकिटं.

"शनिवारपासून काय करायचं थांबवलंस?"

"काही नाही."

"शनिवार १२७. रविवार १२५. सोमवार १३०. शुक्रवारपर्यंत, रविवार सोडले तर, रोज १८५ च्या वर. काय थांबवलंस?"

तिने एक कागद काढला, १९ जानेवारीचा, आणि माझ्या हातात भिंग दिलं. करड्या धुळीच्या थरात पिवळट तुकडे. बारीक, टोकदार. तिने खिशातून छोटी डबी काढली. आत माझी काडी.

"जुळतात," ती म्हणाली. "मशीन चालू करून झाडत होतास. सतरा दिवस. मला संशय होता, पण सांगून तू ऐकलं नसतंस. आणि शनिवारी तू आपण होऊन थांबलास."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "शिक्कासाहेबांनी पाठवलं ना तुम्हाला? हरकत पाडायचं ठरलंय ना तुमचं?" आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही.

ती ओरडली नाही. पाकिटं मोजून परत पिशवीत ठेवली. "तुझी हरकत पडू नये म्हणूनच आलेय, गाढवा. तुझं २०३ सुनावणीत कुणी तपासलं असतं तर पहिल्या मिनिटाला ते गेलं असतं आणि त्यासोबत मशीनही. आता माझ्याजवळ स्वच्छ तीन दिवस आहेत. मला दहा हवेत. सोमवारपर्यंत खराट्याला हात लावू नकोस." जिन्याशी वळून म्हणाली, "मोजता तुला येतं रे. फक्त मधे मधे करू नकोस."

ती गेल्यावर मी खराट्याला लाथ मारली. धूळ उडाली. टोपीवाला चालू होता. नोकरीच्या वहीत खरं लिहिलं: 'आठ वाजून एक्केचाळीस मिनिटे, लाथ.'

१५ फेब्रुवारी, मंगळवार

दहा दिवस झाले. सगळ्यात कमी ११९, सगळ्यात जास्त १३६. दहाच्या दहा नापास. माझा खराटा वजा केला तरी गल्ली नापासच आहे.

२०३ गेल्याचं वाईट वाटतंय. केवढा देखणा आकडा होता. पण हे १२७ माझ्या मालकीचं नाही, म्हणून कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

उद्या सुनावणी. जुनी हरकत फाडली. नवीन एका पानाची आहे. पहिलं वाक्य लिहायला दोन तास लागले.

१६ फेब्रुवारी, बुधवार

सभागृहात पंखे होते, हवा नव्हती. समितीच्या अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणतात आणि उभं राहूनच बोलतात. शेजारी शिक्कासाहेब, त्यांच्या शेजारी बाहेरून आणलेले सल्लागार, हातात दांडी. त्यांनी दांडीने पडद्यावरची बाग दाखवली. कारंजं, हिरवळ, अडुसष्ट.

"शहर तिथे पास होतं," सल्लागार म्हणाले.

"शहर बागेत राहत नाही, साहेब," मी मागून ओरडलो.

"पुढे ये," बाई म्हणाल्या. "आणि हात वर करून बोलायचं."

पुढे गेलो. पहिल्या रांगेत तराजू फाइल मांडीवर घेऊन बसली होती. सगळ्यात मागे दाराला टेकून बाबा. ते कधी आले मला माहीत नाही. हाताला अजून ग्रीस होतं.

मी पहिलं वाक्य वाचलं. "सतरा जानेवारी ते चार फेब्रुवारी या काळातले सतरा आकडे धरू नयेत, कारण मशीन चालू असताना मी त्याच्याभोवती खराट्याने झाडत होतो."

हशा पिकला. शिक्कासाहेब तर टेबल धरून हसत होते.

"रोज?" बाई म्हणाल्या.

"रविवार सोडून."

"कशासाठी?"

"कुणी वर आलं तर स्वच्छ दिसावं म्हणून."

"कोण येणार होतं वर?"

तराजूने फाइलमधून मान वर केली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

"कबुतरं," मी म्हणालो.

पुन्हा हशा. हसू दे. मी थांबलो. मग दहा स्वच्छ दिवसांचे आकडे एकेक करून वाचले, हळू, शाळेत पाढे म्हणतात तसे. आठव्यापाशी कुणी हसत नव्हतं. तराजू उठून म्हणाली, "वजनं माझी आहेत. जबाबदारीही."

सल्लागार उठले. "एका माणसाच्या एका खराट्याने दिवसाचं प्रमाण साठ अंकांनी वाढतं? हे शक्यच नाही. म्हणजे सगळेच आकडे रचलेले. मशीन हलवणं हाच मार्ग."

"अशक्य," शिक्कासाहेब म्हणाले. "झाडण्याने कुठे हवा बिघडते? आमची पन्नास माणसं रोज सकाळी अख्खं गाव झाडतात."

बाईंनी दोघांचं बोलणं लिहून घ्यायला सांगितलं. "पंचवीसला अंतिम बैठक. तोपर्यंत कुणाला लेखी काही द्यायचं असेल तर द्या."

बाहेर बाबांनी विचारलं, "कबुतरं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले.

२१ फेब्रुवारी, सोमवार

काढून टाकलं.

आदेशाची प्रत इथे उतरवतो. 'आपण मापन यंत्राशेजारी सतरा दिवस कोरडी झाडलोट करून हवेतील धुळीचे प्रमाण सुमारे साठ अंकांनी वाढविल्याचे चौकशीअंती सिद्ध झाले आहे. सबब आपली कंत्राटी सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे. खराटा जप्त.' सही. शिक्के तीन.

डोकं इतकं फिरलं की दुकानासमोरच तो टराटरा फाडायला घेतला. बाबांनी टायर सोडून माझं मनगट धरलं. तोवर एक कोपरा हातात आला होता.

"आण इकडे. मी वाचत होतो."

"वाचण्यासारखं काय आहे त्यात?"

बाबांनी बोट ठेवत ठेवत पुन्हा वाचलं. "झाडण्याने धूळ साठ अंकांनी वाढली, हे सिद्ध झालं. असं यांनी लिहून दिलंय?"

"माझ्या तोंडावर फेकलंय."

"बुधवारी हेच म्हणत होते की अशक्य आहे."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून आदेश पुन्हा वाचला.

"अड्ड्याचं मला पटलेलं नाही," ते म्हणाले. "ते आपण वेगळं भांडू. पण माझ्या पोराला सुनावणीत खोटा म्हणून नापास करायचं आणि ऑफिसात खरा म्हणूनही नापास करायचं, असला पेपर मी कधी बघितला नाही. कोपरा दे तो."

त्यांनी फाटलेल्या जागेवर पाठीमागून पातळ कागद ठेवला, पंक्चरचं सोल्युशन लावलं, फुंकर मारली, अंगठ्याने दाबून धरलं. "दहा मिनिटं हात लावू नकोस," म्हणाले. तराजूसारखेच.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

लेखी निवेदन, पान एक:

'आपल्याच आदेशानुसार एका माणसाने, एका खराट्याने, एका गच्चीवर, रोज अर्धा तास झाडल्यास धूळ साठ अंकांनी वाढते हे सिद्ध झाले आहे. नगरपालिका पन्नास माणसांकडून अख्खे गाव रोज कोरडे झाडून घेते. तरी शिफारस क्रमांक चार पुरावा नसल्याने वगळली होती, तो पुरावा सोबत जोडला आहे. तसेच झाडलोट थांबल्यावरचे दहा दिवसांचे आकडेही मर्यादेबाहेर असल्याने मशीन खरे बोलत आहे. क्रमांक सात रद्द करावा.'

सोबत: सेवासमाप्तीचा आदेश, मूळ प्रत, एका कोपऱ्याला पंक्चर काढलेले.

प्रयोगशाळेत गेलो. आता कामावर नाही, म्हणून दारातच उभा राहिलो. तराजूने वाचलं. पेन काढलं आणि माझ्या सहीखाली सही केली.

"तुमचीही नोकरी जाईल," मी म्हणालो.

"माझ्याइतकं अचूक तोलणारं यांना दुसरं कोणी सापडेपर्यंत नाही." मग म्हणाली, "त्या दिवशी कबुतरं म्हणालास."

"हो."

"बरं केलंस."

दोघांच्या सह्या एका कागदावर, एकाखाली एक. महिन्यापूर्वी याचं स्वप्न बघत होतो. स्वप्नातलं कार्यालय मात्र वेगळं होतं.

निवेदन आवक खिडकीत दिलं. कारकून बाहेर गेलेला, म्हणून शिक्कासाहेबच बसले होते. वाचायच्या आधीच त्यांचा हात सवयीने चालला. मिळाले. ठप्प. तारीख. ठप्प. मग त्यांनी वाचलं. मी पोच खिशात घातली आणि चालू पडलो. पळालो नाही, चाललो.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

फळ्यावर अंतिम कागद. क्रमांक चार: 'परिशिष्ट क मधील पुरावा विचारात घेऊन पुन्हा समाविष्ट.' क्रमांक सात: 'वगळण्यात येत आहे.' टोपीवाला गच्चीवरच राहणार. दोन नंबर, म्हणजे अड्डा, 'पुढील विचारार्थ'. बाबांनी तेवढंच दोनदा वाचलं.

परिशिष्ट क म्हणजे माझी हकालपट्टी. सोल्युशनचा डाग छापील प्रतीतही आलाय.

नोकरी परत मिळाली नाही. मागितलीही नाही. माझा गुन्हा खोटा ठरला तर पुरावाही खोटा ठरेल. मी गुन्हेगार आहे आणि राहणार.

२६ फेब्रुवारी, शनिवार

जप्त खराटा सोडवून आणला. अर्ज, सही, पोच. शिक्कासाहेबांनी कपाटातून काढला तेव्हा त्याला चिठ्ठी बांधलेली होती आणि चिठ्ठीवर दोन शिक्के.

येताना दवाखान्याखाली थांबलो. वरून घोंघावणं ऐकू येत होतं. रोज ऐकू येत होतं तेव्हा कधी ऐकलं नव्हतं.

आईने खराटा हिसकावून घेतला. "दीड महिना! शेजारणीचा मागून दिवस काढले." मग तिने बादली उचलली आणि हाताने अंगणभर पाणी शिंपडायला लागली. एक ओंजळ इकडे, एक तिकडे.

"हे काय करतेस?"

"दिसत नाही? पाणी शिंपडते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून. ओलं केल्याशिवाय कधी कुणी झाडतं का?"

मी पायरीवर बसलो. सल्लागार, दांडी, पडदा, भिंग, सतरा दिवस, तीन शिक्के. 'पुरावा उपलब्ध नसल्याने.'

"आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू खराटा नेताना मला विचारलं होतंस?"

चार नंबर कागदावर आहे. खाली बारीक अक्षरात 'टप्प्याटप्प्याने' असंही आहे. टप्पा कसला असतो ते मला चांगलं कळतं. आज सकाळीही झाडणारे कोरडेच झाडत गेले. सोमवारी सहाला ते गल्लीच्या तोंडाशी येतील तेव्हा मी तिथे उभा असेन. त्यांच्या पुढे पुढे चालणार, पाणी शिंपडत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अडवू दे कुणाला अडवायचं ते. आठनंतर तराजूला आकडा विचारून येईन.

आईला सांगितलं. मला वाटलं रागावेल.

"जा," ती म्हणाली. "पण माझी बादली त्याच दिवशी परत आण."